नळीतला रंग

आमच्या दोंडाईच्याच्या घरात सकाळी चुलीच्या आधी स्पिरिटचा दिवा पेटायचा. आबा, म्हणजे माझे वडील, पुढच्या ओट्यावर पाट टाकून बसायचे. काचेच्या नळीत औषधाच्या दुकानातून आणलेलं निळं पाणी घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब मोजून टाकायचे आणि नळी चिमट्यात धरून दिव्यावर उकळायचे. पाणी निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, विटकरी अशी ती चढत जायची. पाहुणे घरात असले तरी हा कार्यक्रम ओट्यावरच व्हायचा, कारण आबांचं म्हणणं होतं की रंग उजेडातच बघावा. मायला, म्हणजे माझ्या आईला, याची भारी लाज वाटायची. गल्लीतल्या बायका पाण्याला जाता जाता आज कोणता रंग म्हणून विचारायच्या आणि आबा गंभीरपणे सांगायचे.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोळ्यांनी भागेना तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी आबांना इन्सुलिनची सुई सुरू केली. मी लग्न होऊन जळगावला गेले होते, तिथे शाळेत गणित शिकवायचे, म्हणून आबांना तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर मोठे व्यवहारी होते. म्हणाले, दर खेपेला पॅसेंजरने माझ्याकडे धावत येऊ नका, सुईचा डोस तुमचा तुम्ही ठरवा. निळा आला तर दोन युनिट कमी करा, हिरवा आला तर आहे तोच ठेवा, पिवळ्याला दोन वाढवा आणि त्याच्या वर गेला तर चार. आबांनी हे एकदा ऐकलं आणि परत कधी विचारलं नाही.

त्यांना ते अवघड जाण्याचं कारणच नव्हतं. आबा गावातल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. गाड्या रांगेत उभ्या राहायच्या, आबा गाडीत खोल हात घालून मूठभर कापूस काढायचे, उजेडात धरून रंग बघायचे, मग चिमटीने ओढून ओढून धाग्याची लांबी बघायचे आणि नंबर सांगायचे. रंगावरून नंबर लावण्यात त्यांचा जन्म गेलेला. घरी तेच काम आलं, एवढंच. कापसाच्या जागी स्वतःची लघवी होती, आणि त्यावर मी त्यांना चिडवायचे तेव्हा तेही हसायचे.

जिनातली एक रीत मला लहानपणापासून माहीत होती. गाडीवाला आपल्या कापसाचा नंबर कधीच खरा सांगत नाही. तो वाईट माणूस असतो म्हणून नव्हे, आपलं लेकरू आपल्याला गोरंच दिसतं म्हणून. आबांचा नियम असा की गाडीवाला जो नंबर सांगेल त्याच्या एक नंबर खाली धरायचं आणि मग गाडीत हात घालायचा. बहुतेक वेळा खालचाच नंबर खरा निघायचा. त्यावरून कोणाशी भांडण झाल्याचं मी कधी पाहिलं नाही, कारण गाडीवाल्यालाही ते ठाऊक असायचं. सांगणारा वाढवून सांगणार आणि घेणारा उतरवून घेणार, हे दोघांनी न बोलता मान्य केलेलं असायचं.

इन्सुलिनची बाटली माय ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारच्या मडक्यात ठेवायची. काचेची सिरिंज रोज पातेल्यात उकळली जायची आणि त्या पातेल्यात दुसरं काही शिजवायचं नाही असा दंडक होता. आबा हळूहळू या कामात इतके तयार झाले की डॉक्टरांनी न सांगितलेल्या गोष्टीही करू लागले. हंगामात जिनाच्या आवारात दिवसभर पायपीट व्हायची, तेव्हा ते आपणहून डोस उतरवायचे. लग्नाच्या पंगतीला जायचं असलं की जिलबीच्या नावाने दोन युनिट वाढवायचे. मी रागावले की म्हणायचे, तुझ्या डॉक्टराने जिलबीचा रंग सांगितला नाही, तो मी बसवला. मला त्यांचा अभिमानही वाटायचा आणि रागही यायचा, आणि दोन्ही एकाच वेळी.

मग ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खान्देशात आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी येते, झाडांना झोके बांधतात, आणि खापरावरची पातळ, परातीएवढी पुरणपोळी आंब्याच्या रसात बुडवून खातात. माझ्या लग्नानंतरची ती पहिलीच आखाजी होती. मी आधीच येऊन बसले होते, नवरा त्या दिवशी दुपारच्या पॅसेंजरने यायचा होता. आबांनी सकाळी रंग पाहिला, हिरवा होता. म्हणजे डोस आहे तोच राहायला हवा होता. पण आज रस होता. आबांनी रसाचे म्हणून युनिट चांगलेच वाढवले आणि स्वयंपाक झाल्याची वर्दी येताच सुई टोचून घेतली, कारण सुईनंतर अर्ध्या तासात जेवायचं असं डॉक्टरांचं सांगणं होतं.

गाडी आली नाही. आधी पितरांच्या नावाने चुलीत घास टाकायचा, तो टाकून झाला. पण नवा जावई आल्याशिवाय सासऱ्याने पानावर बसायचं, हे आबांच्या कोणत्याही शहाणपणात बसत नव्हतं. माय दोनदा म्हणाली की घासभर खाऊन घ्या. आबांनी ऐकलं नाही. ते ओट्यावर स्टेशनच्या रस्त्याकडे तोंड करून बसले. मग त्यांना घाम सुटला. वैशाखातला घाम म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग ते पितरांनाच काहीतरी बोलू लागले, तुम्ही जेवून बसलात आणि मी उपाशी असं काहीतरी, आणि आम्हाला वाटलं थट्टा करताहेत. आम्ही हसत असतानाच ते पाटावरून कलंडले आणि त्यांची दातखीळ बसली.

गल्लीत एक कंपाउंडर राहायचा. तो धावत आला, त्याने दातांत चमचा घालून साखरेचं पाणी थेंब थेंब सोडलं. आबा शुद्धीवर आले तेव्हा मायच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. माझा नवरा पोचला तेव्हा घरात रस तसाच पडलेला आणि सगळ्या बायका आबांभोवती. आबांनी उठून बसत त्याला जेवायचा आग्रह केला. माय मात्र त्या दिवसापासून सुईला भ्यायली. साखर वाढते म्हणजे काय होतं हे तिने पाहिलेलं नव्हतं. ती उतरते म्हणजे काय होतं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यानंतर एकदोन वर्षांत आबांच्या डोळ्यांत मोतिबिंदू उतरला. आधी त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. रंग बघणाऱ्या माणसाला रंग दिसेना हे त्यांना कबूल करवत नव्हतं. त्यांना रेघा दिसायच्या, सिरिंजवरच्या खुणा भिंग लावून उन्हात नीट वाचता यायच्या, पण निळा, हिरवा, पिवळा सगळं एकाच मळकट रंगाचं दिसायचं. जिनात ते आता बोटांवर चालवत. धाग्याची लांबी चिमटीला कळायची, आणि रंगासाठी हाताखालच्या माणसाला सहज विचारल्यासारखं विचारायचे. घरी मायला विचारायचे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतिबिंदू पिकू द्या आणि साखर ताब्यात ठेवा, साखर ताब्यात असेल तरच मी डोळ्याला हात लावीन. म्हणजे सगळं त्या नळीवर येऊन ठेपलं. साखर आवरली तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर कापूस पुन्हा पांढरा दिसणार. आबा एवढ्या एका गोष्टीची वाट बघत होते.

एका दिवाळीला मी माहेरी होते. सकाळी मायने नळी उकळली आणि उजेडात धरली. मी तिच्या मागे उभी होते. नळीतलं पाणी चक्क पिवळं झालं होतं.

आबांनी विचारलं, "कोणता रंग शे?"

माय म्हणाली, "हिरवं शे."

मी काही बोलायच्या आत तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी थांबले. स्वयंपाकघरात जाऊन मी तिला फैलावर घेतलं. गणिताची मास्तरीण मी, चुकीचा आकडा मला सहन होत नाही, आणि हा तर माझ्या बापाच्या डोळ्यांचा आकडा होता. मायने सगळं कबूल केलं. नळी तिच्या हातात आल्यापासून ती रोज एक रंग सौम्य करून सांगत होती. पिवळा असला की हिरवा, नारिंगी असला की पिवळा. सुई जास्त व्हायला नको म्हणून. मी डोळे, ऑपरेशन, काय काय सांगत राहिले. तिने शांतपणे पीठ मळत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आखाजीले मी त्यास्नं मरण देखेल शे, माय. साखर ऱ्हायनी तं ऱ्हाऊ दे. मानूस तं डोयासमोर ऱ्हाई."

आमच्याकडे आई लेकीलाही माय म्हणते. ती हाक मारली की भांडण पुढे नेता येत नाही. पण मी गप्प बसणार नव्हते. दिवाळी होताच दोघांना जळगावला घेऊन गेले. डॉक्टर रक्त तपासतील, साखर भरमसाट निघेल, आणि मग जे काय व्हायचं ते डॉक्टरांसमोर होईल असा माझा बेत होता.

मी तोंडघशी पडले. डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर पाहिली, जेवणानंतरची पाहिली, पुन्हा कागद उलटून पाहिला आणि आबांची पाठ थोपटली. इतकी छान आवरलेली साखर त्यांच्याकडे फार थोड्या पेशंटांची होती म्हणे. डोळ्यांच्या डॉक्टरांना त्यांनी तिथल्या तिथे चिठ्ठी दिली की ऑपरेशन करायला हरकत नाही. संक्रांतीनंतरचा मुहूर्त ठरला. आबा लहान मुलासारखे खूष झाले. निघताना डॉक्टरांनी मायला विचारलं, रंग तुम्हीच बघता ना. माय मान खाली घालून उभी. डॉक्टर म्हणाले, "मग हे श्रेय तुमचं. तुमच्यासारखं खरं बघणारं माणूस घरात असलं की माझं निम्मं काम होतं."

मला काही कळेना. रोज एक रंग खोटा सांगायचा आणि साखर बरोबर यायची, हे कोणत्याच हिशेबात बसत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, आबा जिनात खूप चालतात, जेवणही कमी झालंय, त्याने जमलं असेल. उत्तर सापडलं नाही की शिक्षक अशी सोय करून घेतात. माय मात्र त्या कौतुकाने पार खचली. शिव्या मिळाल्या असत्या तर तिने पचवल्या असत्या. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आबा पाण्याची सुरई भरायला नळाकडे गेले तेव्हा तिने माझा हात धरला.

"आतेपाईन खरं सांगसू," ती म्हणाली. आजपासून खरं सांगेन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. गाडी हलेपर्यंत ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती.

पुढचं मला मायने नंतर सांगितलं. परत गेल्यावर पहिल्या सकाळी रंग पिवळा आला. तिने देवघराकडे बघून पिवळाच सांगितला. आबांनी भिंगातून खुणा बघून सुई भरली. पुढेही एकदोनदा पिवळा आला, तिने पिवळाच सांगितला. मग हिरवा आला आणि तिने हिरवा सांगितला. तिला वाटलं, खरं बोलल्याचं फळ मिळतंय, साखर रोज उतरतेय. मग एका सकाळी नळीतलं पाणी उकळून उकळून निळंच राहिलं. कितीतरी महिन्यांनी खराखुरा निळा. माय एवढी हरखली की ओट्यावरून शेजारणीला हाक मारून तिने नळी दाखवली. आबांना म्हणाली, "नियं शे. पक्कं नियं." आबा हसले, सुई घेतली, दूध-भाकरी खाल्ली आणि जिनात गेले.

हंगाम भरात होता. आवारात कापसाचे ढीग लागले होते. दुपारच्या आधी आबा एका ढिगाला टेकून बसले. कापसाचा ढीग उबदार असतो, थंडीच्या दिवसांत जिनातली माणसं जेवण झाल्यावर त्यात पाठ टेकतात आणि डुलकी काढतात. त्याचं कोणाला नवल नसतं. आबांचे डोळे मिटलेले बघून हाताखालच्या माणसाने गाडीवाल्यांना आवाज कमी करायला सांगितलं. म्हाताऱ्याला जरा पडू द्या म्हणाला. त्याने मायेनेच केलं. सगळी दुपार माणसं त्यांच्या बाजूने पाय न वाजवता येत-जात राहिली. ऊन कलल्यावर कोणीतरी चहाला उठवायला गेलं तेव्हा आबांचा सदरा घामाने भिजून अंगाला चिकटला होता आणि ते उठत नव्हते.

त्यांना जीपमध्ये घालून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा ग्लुकोजची बाटली चालू होती. साखर कितीतरी तास खाली राहिली, त्याचा मेंदूवर मार बसला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. आबा शुद्धीवर यायला वेळ लागला. बोलणं परत आलं, थोडं जड. उजवा पायही हळूहळू आला. उजव्या हाताची बोटं आली नाहीत. ज्या चिमटीने त्यांनी आयुष्यभर धागा ओढून पाहिला ती मिटेनाच.

तिथल्या डॉक्टरांचा प्रश्न एकच होता, सुई किती घेतली होती. आबांनी जो आकडा सांगितला तो ऐकून मी चमकले. जळगावहून निघताना होता त्यापेक्षा तो बराच वर गेला होता. आणि रंग तर पिवळ्यावरून हिरव्यावर, हिरव्यावरून निळ्यावर उतरलेला. निळ्या रंगाला दोन कमी करायचे, हे आबांना झोपेतही पाठ होतं. डॉक्टर गेल्यावर मी विचारलं की डोस वाढला कसा. माय तेव्हा त्यांना चमच्याने पेज भरवत होती.

आबा अर्ध्या तोंडाने हसले. त्यांना ती गंमतच वाटत होती. म्हणाले, "तुनी माय जो रंग सांगे, त्याना मी एक नंबर खालेच धरू. पहिलेपाईन."

अगदी सुरुवातीपासून. तिचा जीव भित्रा आहे, आखाजीपासून ती सुईला भिते, म्हणून ती रंग सौम्य करून सांगणार हे त्यांनी पहिल्याच दिवशी ताडलं होतं. गाडीवाल्याला बोललं नाही तसं तिलाही बोलले नाहीत. ती हिरवा म्हणाली की ते पिवळा धरायचे. ती पिवळा म्हणाली की नारिंगी. ती निळा म्हणाली की हिरवा. तिची चूक आणि त्यांचा उतारा एकमेकांना छेद देऊन रोज डोस बरोबर यायचा. जळगावच्या डॉक्टरांनी पाठ थोपटली ती त्या डोसाची. न जमणारं माझं गणित तिथे दवाखान्याच्या खाटेशी जमलं, आणि ते जमलं नसतं तर बरं असं मला वाटलं.

मायचा चमचा वाटीत तसाच राहिला.

"जळगावहून उनूत तवयपाईन मी खरं सांगेल व्हतं," ती म्हणाली. जळगावहून आल्यापासून खरं.

आबांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. ते तिच्या आवाजाच्या दिशेला वळले, कारण चेहरा त्यांना नीट दिसत नव्हताच. मग म्हणाले, "मंग माले सांगतीस ना."

"तुम्ही सांगं व्हतं का माले?"

दोघांपैकी कोणीही आवाज चढवला नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ती पेज गरम की गार यावरची बोलाचाली वाटली असेल. मला मात्र इतका राग आला की मी उठून बाहेर वऱ्हांड्यात गेले. एका घरात, एका चुलीवर, इतकी वर्षं संसार केलेली ही दोन माणसं. तिला त्यांचा जीव वाचवायचा होता म्हणून ती खोटं बोलत होती, त्यांना तिचं मन मोडायचं नव्हतं म्हणून ते कळूनही गप्प होते, आणि ती खरं बोलायला लागली तेही तिने एकटीने ठरवलं. एक वाक्य बोलायचं होतं, कोणीही. त्या रागाला जायला जागा नव्हती. मी वऱ्हांड्यात उभी राहून रडले आणि तोंड धुऊन आत आले.

ते संक्रांतीनंतरचं ऑपरेशन झालं नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आधी तब्येत सावरू द्या, साखर बसू द्या. साखर पुढे बसलीच नाही. जळगावच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले की पुन्हा सुरू करा, आता दोघांना माहीत आहे तर अजून चांगलं चालेल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण मायने नळीकडे बघायचं सोडून दिलं. ती म्हणायची, माझ्या तोंडून आता रंग निघणार नाही. आणि आबा दुसऱ्या कोणाकडून रंग ऐकायला तयार नव्हते. मी जळगावला घेऊन जाते म्हटलं तर दोघंही गाव सोडेनात. शेवटी गल्लीतला कंपाउंडर सकाळी येऊन सुई देऊ लागला. डोस एकच, ठरलेला. आखाजी असो की उपास, भूक असो की नसो, तेवढाच. तो बिचारा इमानदारीने यायचा. पण ज्या माणसाने जिलबीचाही रंग बसवला होता त्याला आता दंड पुढे करून बसण्यापलीकडे काम उरलं नव्हतं.

आबा पुढे काही वर्षं जगले. नव्वदचं दशक लागलं, जिनात नवे लोक आले. आबांच्या पायाला जखम झाली ती भरता भरेना, मग लघवीचा त्रास सुरू झाला. डोळे तर गेलेच. ते गेल्यावर खूप दिवसांनी माय एकदा माझ्याकडे जळगावला राहायला आली असताना भाजी निवडता निवडता म्हणाली, "खोटं व्हतं तवय आमनं बरं चालनं." मी तिला समजवायला निघाले होते, की माय, खोट्याने नव्हे, न बोलण्याने घात केला. पण तिचा चेहरा बघून मी दुसरी जुडी सोडायला घेतली.

त्यांच्यातलं एक मात्र मला सारखं आठवतं. आबांच्या शेवटच्या वर्षातली दिवाळीनंतरची सकाळ. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि फुटलेला कापूस झाडावरच भिजला होता. आमच्या गल्लीतून जिनाकडे गाड्या चालल्या होत्या. आबा ओट्यावर त्यांच्या जुन्या जागी बसले होते. गाड्यांचा आवाज ऐकून ते अस्वस्थ झाले. मी उतरून एका गाडीवाल्याकडून मूठभर कापूस मागून आणला आणि त्यांच्या डाव्या हातात ठेवला. तो सगळा डागाळलेला होता, पिवळा, कुठे कुठे तपकिरी. त्या पावसात सगळ्यांचाच तसा झाला होता.

आबांनी तो बोटांनी चाचपला. डाव्या हाताला धागा ओढता येत नव्हता, तरी त्यांनी ओढून पाहिला. मग त्यांनी मला नाही विचारलं. दारात उभ्या असलेल्या मायकडे तोंड वळवलं. दवाखान्यापासून पहिल्यांदाच मी त्यांना तिला हे विचारताना ऐकलं.

"कोणता रंग शे?"

मायने कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच केलं नाही.

"धवया फक शे," ती म्हणाली. पांढराशुभ्र आहे.

आबा थोडा वेळ कापूस तळहातावर घेऊन बसले. मी वाट बघत होते की आता ते हसतील, एक नंबर उतरवतील. ते म्हणाले, "तू सांगस तं धवयाच शे."

त्यांनी काहीही खाली धरलं नाही. तिने सांगितलं तेवढं सगळं त्यांनी घेतलं, पहिल्यांदाच, आणि आता त्यावर कोणती सुई भरायची नव्हती. माय ओट्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिने त्यांच्या हातातून तो पिवळा कापूस काढून घेतला आणि त्यातली सरकी एकेक करून वेचू लागली.